हिरवळीचे खत : विळा कधी लावायचा?

‘ताग छातीपर्यंत आलाय, कापू का?’ ‘धैंच्याला पन्नास दिवस झाले, फूल मात्र नाही, थांबू की गाडू?’ ‘चवळीला शेंगा धरल्या, आता उपटवत नाही, चालेल का?’ सांताक्रूझच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला कुणी गच्चीवर, कुणी सोसायटीच्या मागच्या पट्टीत, तर कुणी कर्जत-पालघरकडच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यावर खतासाठी द्विदल पिके पेरतात. त्यांचे प्रश्न दर पावसाळ्यात याच वळणाचे असतात. बियाणे मिळते, पेरणीही जमते. अडते ते कापणीच्या दिवशी. कुणी घाईने कोवळे रोप कापतो, कुणी पिवळ्या फुलांचा मोह न आवरल्याने दाणे भरेपर्यंत वाट पाहतो, आणि दोघेही ‘हिरवळीच्या खताचा काही उपयोग झाला नाही’ असे म्हणतात. हा लेख त्या एका निर्णयापुरता आहे.

आधी थोडक्यात उत्तर

वाफ्यातल्या सुमारे निम्म्या झाडांना फूल दिसू लागले आहे, शेंग धरलेली नाही आणि खोड अजून रसरशीत आहे, तो आठवडा कापणीचा. ताग आणि धैंचा पेरणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत, तर चवळी ४० ते ४५ दिवसांत या टप्प्याला पोहोचते.

पण निर्णयाची ही अर्धीच बाजू झाली. पाला कुजून सुटणारे नत्र घ्यायला पुढच्या पिकाची मुळे दोन-तीन आठवड्यांत मातीत हवीत. म्हणून पुढच्या लावणीची तारीख आधी पक्की करा, तिथून मागे मोजत कापणीचा आठवडा काढा, आणि नेमका दिवस झाडाकडे पाहून ठरवा.

लवकर कापले तर काय, उशिरा कापले तर काय

- २५ ते ३० दिवसांत कापले तर : पाला कोवळा असतो, आठ-दहा दिवसांत विरघळल्यासारखा कुजतो. पण वजन कमी भरते आणि मुळांवरच्या गाठींनी हवेतले नत्र बांधायला नुकती कुठे सुरुवात केलेली असते. खत थोडे मिळते, नुकसान मात्र काही होत नाही.
- फुलोरा सुरू होताना कापले तर : पाल्याचे वजन आणि त्यातले नत्र, दोन्हींचा मेळ इथे सर्वांत चांगला बसतो. पान-खोडातले कर्ब-नत्र गुणोत्तर २५ च्या खाली असते. म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंना पाल्यातलेच नत्र पुरते आणि उरलेले पिकाला मिळते.
- शेंगा भरल्यावर कापले तर : झाड पानांतले नत्र दाण्याकडे वळवते, खोड जून होते. असा पाला गाडला की जिवाणू तो कुजवण्यासाठी मातीतलेच नत्र ओढून घेतात. नव्याने लावलेली टोमॅटोची रोपे तीन-चार आठवडे पिवळी पडून जागच्या जागी उभी राहतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते. शिवाय गळलेले दाणे पुढच्या वाफ्यात तण म्हणून उगवतात.

झाडाकडून खात्री करून घ्या

नुसते दिवस मोजणे पुरत नाही. ताग हे लहान दिवसांचे पीक आहे. जूनमध्ये पेरलेला ताग उंच वाढतो आणि उशिरा फुलतो; सप्टेंबरमध्ये पेरला तर दिवस लहान होत असल्याने गुडघ्या-मांडीएवढा असतानाच फुलून मोकळा होतो. म्हणून चाळिसाव्या दिवसापासून एक दिवसाआड या चार गोष्टी पाहा :

- फूल : दहा झाडे मोजा. चार-पाच झाडांवर उमललेले फूल किंवा रंग दिसणारी कळी असेल तर वेळ झाली. एखाद्या आगाऊ झाडाकडे पाहून कापू नका.
- खोड : जमिनीपासून वीतभर उंचीवर खोड वाकवून पाहा. सहज मोडले आणि आतून ओलसर हिरवे दिसले तर ठीक. तागाची साल दोऱ्यासारखी लांब सोलून येऊ लागली, तर खोड जून झाले. त्याच दिवशी कापा.
- मुळांवरच्या गाठी : एक झाड खुरप्याने मातीसकट हळू उचला. ओढून काढले तर गाठी मातीतच राहतात. मुळे बादलीतल्या पाण्यात हलवून धुवा आणि मोठ्यात मोठी गाठ नखाने चिरा. आत लालसर गुलाबी रंग असेल तर नत्राचे काम जोरात चालू आहे. पांढरी असेल तर अजून वेळ आहे. हिरवट, करडी किंवा पिचपिचीत असेल तर काम संपले.
- खालची पाने : दाट पेरणीत सर्वांत खालची दोन-चार पाने पिवळी पडणे साहजिक आहे. पिवळेपणा अर्ध्या उंचीपर्यंत चढला असेल तर मात्र थांबून काहीही पदरात पडणार नाही.

गाठीच दिसल्या नाहीत तर? नारळाच्या भुशाच्या नव्या मिश्रणात असे बरेचदा होते, कारण त्यात रायझोबियम जिवाणू नसतात. पाला तरीही कुजेल, पण हवेतले नत्र आलेले नसेल. पुढच्या वेळी पेरणीआधी बियाण्याला चवळी गटाचे रायझोबियम चोळा. ताग, चवळी, मूग आणि उडीद या चौघांनाही ते चालते. धैंच्याचे जिवाणू वेगळे असतात, ते त्याच्या नावाने मागा.

कोणते पीक कुणासाठी

- ताग : निचरा होणाऱ्या जमिनीला आणि खोल वाफ्यांना. चौरस मीटरला ५ ते ६ ग्रॅम बी, एकरी २० ते २५ किलो. पाणी साचले की पिवळा पडतो. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना थारा देत नाही, त्यामुळे टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्याआधी उत्तम. त्याचे बी जनावरांना विषारी असते. शेंगा भरू न देण्याचे हे आणखी एक कारण.
- धैंचा : पाणी साचणाऱ्या, चिकट किंवा खारवट जमिनीला. वाकोला नाल्याच्या किंवा मिठीच्या बाजूच्या सखल आवारात हाच टिकतो. बियाण्याचे प्रमाण तागाएवढेच. पन्नास दिवसांनंतर खोड झपाट्याने लाकडासारखे होते, म्हणून फुलाची वाट पाहत रेंगाळू नका.
- चवळी : कुंड्या, क्रेट आणि उथळ वाफ्यांना. चौरस मीटरला ८ ते १० ग्रॅम. खोड मऊ, कुजायला सोपे. सूत्रकृमींचा त्रास आधीच असलेल्या मातीत मात्र नको.
- मूग, उडीद : दोन-अडीच महिन्यांचा अवकाश असेल तर. वाण्याकडचे अख्खे मूग आणि चवळी बहुतेक वेळा उगवतात. आधी वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहा.
- गिरिपुष्प : हे पेरायचे पीक नव्हे, बांधावरचे द्विदल झाड आहे. फांद्या छाटून पाला आणायचा. शेतजमीन असणाऱ्यांच्या फार उपयोगाचे.

मूग-चवळीच्या शेंगा खायच्याच असतील तर खा, त्यात गैर काही नाही. शेंगांची पहिली तोडणी झाली की लगेच वेल कापा. मात्र अशा पाल्यातले बरेचसे नत्र तुमच्या ताटात आलेले असते. पुढच्या पिकाला नेहमीचे शेणखत किंवा गांडूळखत द्यावे लागेल, ही खूणगाठ बांधा.

सांताक्रूझचे वेळापत्रक : मागून मोजा

इथल्या वेधशाळेच्या नोंदींप्रमाणे जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी २,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी तर याच सांताक्रूझ केंद्रावर चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. कापणीच्या निर्णयाशी याचा थेट संबंध आहे. पाला कुजून सुटलेले नत्र पाण्यात विरघळते. जुलैच्या ऐन पावसात कापून गाडले आणि वाफा रिकामा ठेवला, तर ते खाली निथळून गटारात जाते. मुंबईच्या हवेत कुजणे वेगाने होते, वाहून जाणेही तितक्याच वेगाने. म्हणून भर पावसात पीक उभे राहू द्या. मुळे नत्र धरून ठेवतात आणि पानांमुळे मातीवर थेंबांचा मारा बसत नाही.

हिवाळी भाज्यांसाठी (टोमॅटो, वांगी, कोबी, पालक, मेथी) :

- रोपांची लावणी : १० ऑक्टोबरच्या आसपास, पाऊस परतताना
- कापणी आणि गाडणी : २० ते २५ सप्टेंबर
- तागाची पेरणी : ५ ते १० ऑगस्ट, चवळी असेल तर १५ ऑगस्टपर्यंत

पंचांगाने चालायचे तर नारळी पौर्णिमेच्या सुमारास पेरणी, पितृपक्षाच्या उत्तरार्धात कापणी आणि दसऱ्यानंतर लावणी. तिथ्या दरवर्षी मागेपुढे होतात, पण त्यांच्यातले अंतर या कामाला नेमके जुळते.

पावसाळाभर वाफा रिकामा असेल तर : जूनच्या पहिल्या सरींबरोबर ताग पेरा. जुलैअखेर तो वाऱ्याने आडवा होऊ लागला की दीड-दोन फुटांवर शेंडे छाटा आणि तिथेच पसरा. बुडाजवळ छाटाल तर पुन्हा फुटणार नाही. नवी फूट सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ठेवा, मग शेवटची कापणी.

जूनच्या भेंडी-दोडक्यासाठी : मार्चअखेर चवळी पेरा, मेच्या दुसऱ्या आठवड्यात कापा. उन्हाळ्यात पाणीकपात लागू झाली तर पिण्याचे पाणी खताच्या पिकावर घालण्यात अर्थ नाही. तेव्हा वाफा वाळक्या पाल्याने झाकून ठेवा आणि पेरणी ऑगस्टवर ढकला.

कापल्यावर : गाडायचे, पसरायचे, की कंपोस्टात टाकायचे?

जमिनीतला वाफा असेल तर गाडा. विळ्याने जमिनीलगत कापा आणि कोयत्याने बोटभर लांबीचे तुकडे करा. एक दिवस सुकू द्या. माती वाफशावर असताना, म्हणजे मुठीत धरली तर गोळा व्हावा आणि टिचकीने फुटावा अशी असताना, वरच्या १० ते १५ सेंटिमीटर थरात मिसळा. त्याहून खोल गाडलेला पाला हवेअभावी सडतो. माती चिखल झालेली असेल तर कुदळ लावूच नका. कापून वर पसरा आणि उघाडीची वाट पाहा.

क्रेट, ड्रम, कुंडी असेल तर पसरा. थोड्या मातीत भरपूर ओला पाला कोंबला की उष्णता वाढते, वास सुटतो, मुळे गुदमरतात. झाड मातीलगत कापा, मुळे आतच राहू द्या आणि तुकडे वर आच्छादनासारखे दोन-तीन इंच पसरा. नत्र थोडे कमी मिळते, पण धोका नसतो.

खोड जून झाले असेल तर कंपोस्ट करा. पाने ओरबाडून वाफ्यात पसरा. खोडे तोडून सोसायटीच्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. ओल्या कचऱ्याबरोबर असा कोरडा, काष्ठमय माल हवाच असतो.

किती मिळते, याचाही अंदाज असू द्या. चांगला वाढलेला ताग चौरस मीटरला दीड ते दोन किलो हिरवा पाला देतो आणि त्यातून साधारण ६ ते ८ ग्रॅम नत्र. हे १३ ते १७ ग्रॅम युरियाएवढे झाले. पालेभाजीच्या एका पिकाला ते बऱ्यापैकी पुरते. टोमॅटोसारख्या खादाड पिकाला वरखत लागणारच.

पुढची लावणी नक्की कधी?

मुंबईच्या दमट हवेत फुलोऱ्यातला ताग दोन ते तीन आठवड्यांत कुजतो, चवळी दहा-पंधरा दिवसांत. तयार रोपे लावायची असतील तर १२ ते १५ दिवस थांबा. मेथी, पालक, गाजर असे बी थेट पेरायचे असेल तर पुरे तीन आठवडे. कुजण्याच्या पहिल्या टप्प्यात सुटणारा अमोनिया आणि बुरशी कोवळ्या अंकुरांना मारतात.

खात्री करायची सोपी पद्धत अशी. बाराव्या दिवशी वाफ्यात हात घालून मूठभर माती काढा. पाने ओळखू येत असतील किंवा आंबूस, नाकात जाणारा वास येत असेल तर थांबा. नुसता मातीचा वास येत असेल तर तीच माती एका वाटीत भरून वीस मेथीदाणे पेरा. चार-पाच दिवसांत सोळा-सतरा दाणे सरळ, हिरवे उगवले तर वाफा तयार आहे.

‘तीनदा छाटा’ आणि ‘जून होऊ द्या’ : ऐकायचे कुणाचे?

या विषयात वेगवेगळे सल्ले कानावर येतात आणि गोंधळ वाढतो. ते परस्परविरोधी वाटले तरी त्यांचे हेतू निराळे आहेत.

कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराच्या विचारातून पुढे आलेल्या ‘अमृत माती’च्या पद्धतीत अनेक प्रकारचे बी एकत्र पेरतात. २१ आणि ४२ दिवसांनी शेंडे छाटून तिथेच पसरतात आणि ६३ दिवसांच्या सुमारास बुडाजवळ कापतात. कोवळा, मध्यम आणि जून असा तिन्ही वयांचा पाला मातीत जावा, हा त्यामागचा विचार. गच्चीवर नवी माती तयार करायची असेल तर ही पद्धत घ्या. दोन महिने तरी हाताशी हवेत.

कोल्हापूरचेच शेतकरी-लेखक प्रताप चिपळूणकर विनानांगरणीच्या शेतीच्या अनुभवातून सांगत आले आहेत की, कोवळा पाला झटकन कुजतो पण टिकाऊ सेंद्रिय पदार्थ फारसा मागे ठेवत नाही. जून, काष्ठमय भाग आणि मुळे-बुडखे सावकाश कुजतात, पण जमिनीची घडण सुधारतात. माती घट्ट, भरावाची किंवा जुहूकडच्या बाजूसारखी रेताड असेल आणि पुढच्या पिकाची घाई नसेल, तर हे ऐका. पीक जून होऊ द्या, पण गाडू नका. कापून वर पसरा आणि मुळे हलवू नका.

पुढच्या पिकाला लगेच नत्र हवे असेल तर फुलोऱ्याचा नियम पाळा. एकाच कापणीत तिन्ही साधत नाही.

कर्जत-पालघरकडे जमीन असेल तर

भाताआधी ताग किंवा धैंचा गाडायचा बेत कोकणपट्टीत बऱ्याचदा फसतो, आणि त्याचे कारण साधे आहे. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्थिरावतो, लावणी जुलैत उरकायची असते. पंचेचाळीस दिवस मिळणार कुठून? मे महिन्यात पाणी देण्याची सोय असेल तरच १५-२० मेला धैंचा पेरा आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात चिखलणीत गाडा. भातखाचरात पाणी उभे असल्याने तिथे तीन आठवडे थांबावे लागत नाही. आठवडाभरात लावणी करता येते.

पाण्याची सोय नसेल तर बांधावरचे गिरिपुष्प कामी येते. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीतले एक सूत्रच हे आहे : हेक्टरी ३ टन, म्हणजे गुंठ्याला साधारण ३० किलो, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीच्या सुमारे आठवडाभर आधी खाचरात पसरायचा आणि पाने गळाल्यावर उरलेल्या काड्या काढून घ्यायच्या. काड्या चिखलात राहिल्या तर लावणी करणाऱ्यांच्या पायांना टोचतात, आणि त्या कुजतही नाहीत.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्राने भात करत असाल तर गाडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कायमच्या गादीवाफ्यांवर चिखलणी न करता भात घेतात आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात. भातानंतर वाल घेतलात तर शेंगा काढून झाल्यावर वेल मुळापासून उपटू नका, जमिनीलगत कापा.

आंबा, नारळ, काजूच्या बागेत जूनमध्ये ताग पेरून ऑगस्टमध्ये फुलोऱ्यावर कापा आणि आळ्यात पसरा. तिथे झाडांची मुळे आधीच हजर असतात, त्यामुळे पावसात कापले तरी नत्राला वाली असतो.

सल्ल्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे कर्जत येथील संशोधन केंद्र, पालघर जिल्ह्यासाठी कोसबाडचे आणि रायगडसाठी किल्ला-रोह्याचे कृषी विज्ञान केंद्र गाठा.

नेहमी होणाऱ्या चुका

- फुलाची वाट पाहता पाहता लावणीचा हंगाम हातचा घालवणे. तारीख आली की फूल नसले तरी कापा.
- शनिवार-रविवारच कापायचे म्हणून थांबणे. धैंच्यासाठी एका आठवड्याचा उशीरही भारी पडतो.
- विरळ पेरणी. झाडे एकेकटी वाढली की खोडे जाड होतात आणि कुजायला वेळ लागतो.
- कापलेला पाला प्लॅस्टिकखाली झाकणे. आत उष्णता कोंडते आणि बाजूला पाणी साचते. पावसाळ्यात डासांची तक्रार आली तर पालिकेची नोटीस येऊ शकते.
- ओल्या आच्छादनाखाली जमणाऱ्या गोगलगायींकडे दुर्लक्ष. संध्याकाळी हातमोजे घालून वेचा. रोपांच्या बुडाशी चार बोटे जागा मोकळी ठेवा.
- तागावरची केसाळ अळी दिसताच फवारणी करणे. कापणी आठवड्यावर आली असेल तर फवारू नका, थोडे आधी कापा.

परवानगी आणि तुमचे हक्क

गच्ची. गच्ची सोसायटीच्या सामाईक मालकीची असते. वाफे करण्याआधी व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी घ्या. ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरते, आणि ओल्या मातीचा १५ सेंटिमीटरचा थर एकटाच सुमारे २५० किलो भरतो. गच्चीभर माती पसरू नका. हलके मिश्रण वापरा, वाफे तुळयांच्या आणि भिंतींच्या वर येतील असे मांडा, आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या अभियंत्याचे मत आधी घ्या.

झाडे. आवारातल्या गिरिपुष्पाचा पाला हवा म्हणून स्वतः फांद्या तोडू नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असल्याने पालिकेची परवानगी लागते. सांताक्रूझ पूर्वेसाठी एच पूर्व, पश्चिमेसाठी एच पश्चिम विभागाच्या उद्यान खात्याकडे अर्ज करा. पावसाळ्यापूर्वी पालिका छाटणी करते तेव्हा पाला सोसायटीतच ठेवून घ्या.

बियाणे. शेतासाठी बियाणे घेताना पिशवीवर जात, उगवणक्षमता, चाचणीची तारीख आणि वैधता छापलेली आहे ना, ते पाहा. बियाणे अधिनियम, १९६६ च्या तरतुदींनुसार हा तपशील लेबलवर असायला हवा. पक्के बिल, लेबल, रिकामी पिशवी आणि मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून पंचनामा मागा. भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडेही जाता येते. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षे. प्राथमिक माहितीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आता करायचे एवढेच

घरातल्या कालनिर्णयावर आजच तीन तारखा लिहा : लावणीची, त्याआधी अडीच-तीन आठवड्यांवर कापणीची, आणि तिच्याआधी पंचेचाळीस दिवसांवर पेरणीची. पेरणीची तारीख हुकली तर ताग सोडून चवळी पेरा. कापणीची तारीख फुलाप्रमाणे चार-पाच दिवस मागेपुढे करा. लावणीची तारीख मात्र हलवू नका. थोडे कोवळे कापले तर खत जरा कमी मिळेल; जून झाल्यावर गाडले तर पुढच्या पिकाच्या वाट्याचे नत्रही जाईल. शंका आली तर लवकर कापा.